पालथी पणती

घरात पणती पालथी घालू नये. रिकामा पाळणा हलवू नये, रिकामी कात्री वाजवू नये, तिन्हीसांजेला उंबरठ्यावर बसू नये, तसंच हे. आमची माय असल्या सगळ्या नियमांची पोलीस पाटील होती. म्हणून ज्या उन्हाळ्यात आमच्या सपरीत, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीत, एका जुन्या दारावर दिवाळीच्या झाडून साऱ्या पणत्या पालथ्या पडून राहिल्या, त्या उन्हाळ्यात ती येता-जाता कपाळावर हात मारून घ्यायची. "लक्ष्मीपूजनाचे दिवे हायेत थे! पालथे घालून कोनाच्या घरातला उजेड मालवून राह्यले तुमी?" असं ती काकांना विचारायची. काका हसायचे. हसायचे म्हणजे मिशी हलायची, तेवढंच. डोळे त्या उन्हाळ्यात एकदाही हसले नाहीत, हे मला आता कळतं. तेव्हा मी सहावीतली पोट्टी, मला जिंकण्यापुढं काही दिसत नव्हतं.

माझा नातू पुण्याला शिकतो. सुटीत वाशीमला आला की एक भलं मोठं खोकं सोबत आणतो. त्यात लढाईचा खेळ असतो. सोंगट्या, पत्ते, फासे, आणि नियमांचं पुस्तक एवढं जाड की तेवढ्यात माझं बी.ए. झालं. शत्रूच्या सोंगट्या त्यात तोंड फिरवून ठेवतात. जवळ गेल्याशिवाय खरी कोणती, खोटी कोणती ते कळत नाही. "आजी, तुला नाही समजायचं," म्हणाला. मी म्हटलं, बाबू, तुझ्या बापाचा जन्म व्हायच्या आधी मी हा खेळ आसेगावात खेळले आहे, आणि तुझ्या पुस्तकात नाहीत असे नियम मला पाठ आहेत. त्यानं विचारलं, कोणते? तेव्हा मी पोहे करायला उठले. आज लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा विचारलं तर हे कागद त्याच्या हातात देता येतील.

तर काका. बाबांचे धाकटे भाऊ, फौजेत हवालदार होते. पाय जायबंदी झाला म्हणून लवकर पेन्शन घेऊन गावी आले. फौजेत त्यांचं काम होतं वाळूचे नकाशे करायचं. साहेब लोक खरी लढाई लढायच्या आधी ती वाळूत मांडून बघतात म्हणे. डोंगर कुठं, नदी कुठं, पूल कुठं, सगळं वाळूत. ते काकांच्या हातचं. आता आसेगावात वाळूच्या नकाशाला कोण विचारतं? इथं तुरीला काय भाव आला ते विचारतात. पण होळी झाली, सकाळची शाळा सुरू झाली, आणि दुपारी आम्हा भावंडांना घरात कोंडून ठेवायचं कसं हा प्रश्न आला. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल तर सांगून उपयोग नाही. मायचं म्हणणं असं की, "बारा वाजता बाहीर फिरनारं एक तं गाढव असते, नाही तं भूत." मी आणि माझा मोठा भाऊ अशोक, दोघं गाढवात मोडत होतो.

काकांनी कोठ्यातलं, म्हणजे गोठ्यातलं, काढून ठेवलेलं जुनं दार आणून सपरीत दोन पेट्यांवर आडवं टाकलं. कडेला पट्ट्या ठोकल्या, नाल्यावरची बारीक वाळू चाळून आत भरली. मग हातानं, वीत-वीतभर मोजत, त्यांनी आमचं गाव केलं. मारुतीचं देऊळ, बाभळीचं बन, पांदण, आमचं वावर, आणि मधून आडवा नाला, त्याला कपड्याची नीळ टाकून निळं केलेलं. बाभळी म्हणजे खऱ्या बाभळीचे शेंडे. आमचं घर म्हणजे एक काड्यापेटी. पलीकडच्या टोकाला, दाराची जिथं बिजागरी होती त्या कोपऱ्यात, शेलूबाजारहून येणारी वाट. मी आधी तर त्या काड्यापेटीकडं बघून दचकलेच. आपण घरात बसलो आहोत आणि आपलं घर आपल्याला वरून दिसतं आहे, हे मला बरोबर वाटेना.

खेळ असा. अशोकचे शिपाई म्हणजे काळ्या डोळ्याच्या लाल गुंजा, माझे शिपाई म्हणजे सरकीचे दाणे. मांडताना मध्ये काकूचं जुनं लुगडं दोरीवर टाकायचं. ज्यानं त्यानं आपल्या पणत्या पालथ्या मांडायच्या. काहींच्या खाली शिपाई, काही नुसत्या रिकाम्या. मग लुगडं काढायचं. दिसायला सगळ्या पणत्या सारख्या. पाळीपाळीनं एकेक पणती वीतभर सरकवायची. दोन पणत्या एकमेकींना लागल्या, किंवा पणती घराला लागली, की ती 'गाठ'. गाठ पडली की विचारायचं, "पंच, मानूस हाये का?" आणि पंच, म्हणजे मांडताना दोन्ही बाजू बघणारे काका, सांगायचे, "हाये," नाही तर, "नाही." त्याच्यावर हारजीत. बस, एवढंच. पण भांडणं झाली तसे त्यातून घरचे नियम निघत गेले. अशोकची सोंगटी मेली तरी तो तिच्या तोंडून बडबड करायचा, म्हणून नियम आला की मेलेला बोलत नाही. मी एकदा हळूच नाला ओलांडला, म्हणून नियम आला की नाल्याला बारमाही पूर आहे, आणि तो ओलांडायचा तर पंचाच्या हातानंच. आणि सगळ्यांत मोठा नियम काकांनी स्वतःवर घातला होता. पंच खोटं बोलत नाही. पण विचारल्याशिवाय सांगतही नाही, आणि गाठ पडल्याशिवाय विचारायचं नाही. हा नियम ते फार कडक पाळायचे. अशोकनं गावरान तुपाची लालूच दाखवून पाहिली, मी रडून पाहिलं. काही चाललं नाही.

घरात खेळाकडं न बघता खेळ ऐकणारं एकच माणूस होतं, ते म्हणजे काकू. आमच्या सपरीला लागूनच सैपाकघर. ती तिथं चुलीशी बसलेली असायची. त्या वर्षी तिला जबर कावीळ झाली होती. तिच्यातून उठली खरी, पण बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या, एवढी वाळली होती. काका-काकूंना एकच पोरगा, दिगू. माझ्याहून बराच मोठा, पाण्यात मासोळी, झाडावर माकड, आणि शाळेत दगड. दिवाळीनंतर त्याचं आणि काकांचं कशावरून तरी वाजलं. दिगू म्हणाला मी ट्रकवर जातो, काका म्हणाले जा, आणि परत हा उंबरठा चढला तर तंगडं तोडून हातात देईन. तो खरंच गेला. शेलूबाजारला जीपमधून उतरला आणि तिथून एका ट्रकवर क्लीनर म्हणून लागला, एवढं कळलं. पुढं काही नाही. शेलूबाजारहून कोणी आलं की काकू पदराला हात पुसत दारात यायची. आणि दर दोन-चार दिवसांनी, भाकर वाढता वाढता, काकांना विचारायची, "अजी, दिगूचा काही पत्ता?" आमच्याकडं बायका नवऱ्याला 'अजी' म्हणतात. काका ताटात बघून म्हणायचे, "नाही अजून." होळीच्या आधी काका पेन्शनच्या कामाला नागपूरला जाऊन आले होते. आल्यावर दोन दिवस तापानं पडून होते. आणि उठले ते तडक कोठ्यातून ते दार घेऊन आले.

आता ती गोष्ट. एक दिवस शाळेतून आलो, जेवलो, खेळायला बसलो. आदल्या दिवशीचा डाव अर्धा होता. अशोकनं त्याच्या पणत्या मोजल्या, मी माझ्या मोजल्या, आणि एक पणती उरली. शेलूबाजारच्या वाटेच्या टोकाला, अगदी बिजागरीच्या कोपऱ्यात, एकटी. "हे तुही," अशोक म्हणाला. मी म्हटलं, माझी नाही. तो म्हणाला, माझी तर नाहीच, उलट माझी एक गुंज हरवली आहे आणि ती तूच चोरली. भांडण जुंपणार तेवढ्यात आमचं लक्ष काकांकडं गेलं. ते त्या पणतीकडं बघत होते, आणि त्यांचा दुखरा पाय पेटीवर टकटक वाजत होता. त्यांना ते कळत नसावं.

"पंच, तुमी ठेवली का?" अशोकनं विचारलं.

"नाही."

"मंग कोनाची?"

"मले ठाऊक नाही."

"मंग खाली मानूस हाये का?"

"गाठ पडली का? नाही ना? मंग कायले इचारते? खेळ तू."

पंच खोटं बोलत नाही, त्यामुळे ती काकांची नव्हती. माय तर त्या पणत्यांना हात लावत नव्हती, बाबा दिवसभर वावरात. आम्ही खेळलो, पण माझं लक्ष उडालं. दुसऱ्या दिवशी ती पणती कोपऱ्यात नव्हती. बोटभर पुढं आली होती. मागं वाळूत ओढल्याची रेघ. तिसऱ्या दिवशी आणखी बोटभर. रोज तेवढंच. आम्ही नसताना, शेलूबाजारच्या वाटेवरून, गावाच्या दिशेनं.

तुम्ही म्हणाल, काय बाई, एक मातीची पणती आणि तिचं एवढं? तर तुम्ही आमच्या त्या दुपारी बघितल्या नाहीत. सगळं गाव मेल्यासारखं निपचित पडलेलं. कडुनिंबावरचा कावळासुद्धा चोच उघडी टाकून बसलेला. आम्ही आतल्या खोलीत फरशीवर पाणी शिंपडून पडायचो. घराघरात माणसं पण आवाज कशाचाच नाही. अशा एका दुपारी मी जागी होते. आणि मला सपरीतून आवाज आला, खर्रर्र. मातीची वस्तू वाळूवरून ओढावी तसा. मी अशोकला हलवलं, तो उठेना. मी मुळातच आगाऊ. उठले, दाराच्या फटीतून बघितलं. सपरीत कोणी नव्हतं. अंगणात एक वावटळ उठली होती, पाचोळा गरगर फिरवत ती कोठ्यामागं गेली. मी दारापाशी, म्हणजे त्या आडव्या दारापाशी, जाऊन वाकले. पणती आणखी पुढं आली होती, बाभळीच्या बनाजवळ. आणि तिच्या मागच्या रेघेत वाळूचे कण अजून घरंगळत होते. मी तशीच पळत आले आणि अशोकच्या अंगावर पडले. त्यानं झोपेत माझ्या पाठीत गुद्दा घातला. त्या गुद्द्यानं मला फार बरं वाटलं.

त्याच दिवसांत भाकरीत कचकच लागायला लागली. मायनं काकूला हटकलं, "अवं, पीठ चाळून घेत जाय, दात पडतीन लेकरायचे." काकू हो म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा कचकच. बाबा चिडले, ताट सरकवलं. काका मात्र सावकाश चावत राहिले, भाकर, पिठलं, कांदा, पुन्हा भाकर. त्यांनी एक घास बाजूला काढला नाही. आणि चावता चावता त्यांची नजर काकूच्या बोटांवर होती. मला वाटलं, ते भाकरी मोजत आहेत. काय काय वाटायचं मला!

अशोकनं ठरवलं की काय व्हायचं ते होवो, त्या पणतीशी गाठ घालायची, म्हणजे पंचाला सांगावंच लागेल. तो आपल्या पणत्या घेऊन माझ्याशी लढायचं सोडून तिकडंच निघाला. पण मध्ये नाला. "पंच, नाला वलांडू द्या."

"पूर हाये."

"रोजच कसा पूर राह्यते? खरा नाला तं ठनठनीत कोल्ला हाये, पान्याचा थेंब नाही!"

"ह्या वाळूतल्याले पूर हाये," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा निघाला की अशोकसारख्या वाचाळ पोट्ट्यानं पणत्या मागं घेतल्या. ती पणतीही नाल्यापर्यंत आली आणि पलीकडच्या काठावर थांबली. एक दिवस गेला, दोन गेले, आठवडा गेला. हलेना. मला वाटलं, सुटलो. पण अशोक माझ्या कानाला लागून म्हणाला, "वच्छे, तुले कळलं का? त्याले बी आपले नियम ठाऊक हायेत." भुताला आमच्या घरचे नियम कोणी सांगितले? मी रात्री मायला चिकटून झोपायला लागले आणि ती म्हणाली, एवढी घोडी झाली तरी हिचं अंगाला चिकटणं सुटेना.

अखजीच्या आदल्या दुपारी मी बघितलं तर पणती नाल्याच्या अलीकडं होती. ओढल्याची रेघ नव्हती. निळ्या वाळूवर ओरखडा नव्हता. उचलून ठेवल्यासारखी, घराकडं तोंड करून. पणतीला कसलं आलं तोंड, पण वातीची चोच घराकडं होती. काका त्या दिवशी खेळायला बसले नाहीत. भिंतीकडं तोंड करून बाजेवर पडून होते. त्यामुळे आम्ही काही विचारलं नाही.

अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया. शहरात त्या दिवशी सोनं घेतात. आमच्याकडं पितरांना पाणी पाजतात. ऐन उन्हाळ्यात त्यांनाही तहान लागत असेल, नाही का? घरात जे गेले त्यांच्या नावानं नवं मातीचं भांडं आणून पाण्यानं भरायचं. बाप्या माणसाचा तो करा, बाईमाणसाची ती केळी. दोन्हींची घडण वेगळी, लेकरांनाही ओळखू येते. वर आंबा ठेवायचा, पुरणपोळी, कुरडया, चिंचवणी, आमरस, सगळा सैपाक दाखवायचा. आमच्या घरातून गेलेली तेव्हा तीन माणसं होती. आजोबांचा एक करा, आणि आजी आणि लहानपणी गेलेली आत्या यांच्या दोन केळ्या. बाबांनी पूजा केली. सैपाकघरात चिंचवणीचा आंबट-गोड वास भरला होता. कावळ्याला घास ठेवायला काकू कोठ्यामागं निघाली, आणि ताट धरायला मी तिच्यासोबत.

कोठ्यामागं कडुनिंब आहे. त्याच्या बुडाशी, शेणाच्या गोवऱ्यांच्या आडोशाला, आणखी एक भांडं ठेवलेलं होतं. नवं, काठोकाठ भरलेलं, बाहेरून पाझरून गार ओलं झालेलं. वर एक आंबा. करा होता तो. केळी नव्हती.

काकू उभी राहिली. मी म्हटलं, "आजोबाचा तं घरात हाये, मंग हे कोनाचा?" तिनं वाकून कऱ्याला हात लावला, जसा आजारी माणसाच्या कपाळाला लावतात तसा, आणि कितीतरी वेळ तो हात तिथंच राहू दिला. कावळे वर ओरडत होते. मग तिनं माझ्या हातातलं ताट खाली ठेवलं, ओला हात पदराला न पुसता ती घराकडं चालायला लागली. मी मागं धावले. आजारातून उठलेली बाई एवढ्या झपाट्यानं चालू शकते हे मला माहीत नव्हतं.

सपरीत काका त्या आडव्या दाराशी बसले होते, अशोक पणत्या मांडत होता. काकू सरळ आली, हात पुढं केला, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती पणती बोटानं पुढं ढकलायला लागली. खर्रर्र. तोच आवाज. देवळावरून, पांदणीतून, थेट आमच्या काड्यापेटीच्या घरापर्यंत. पणती घराला लागली. काकूच्या ओल्या बोटांना वाळू चिकटली होती. भाकरीतली कचकच मला तेव्हा कळली.

"पंच," काकू म्हणाली.

काकांनी मान वर केली नाही. "अवं, पोरायच्या खेळात तू कायले..."

"अजी म्हनून लय खेपा इचारलं. तुमी नाही अजून, नाही अजून म्हनत राह्यले. आता अजी नाही म्हनत. पंच, गाठ पडली. मानूस हाये का?"

अशोकनं माझा हात धरला. एरवी तो मला कधी हात लावू द्यायचा नाही. सैपाकघरात माय काहीतरी तळत होती, त्याचा चर्र आवाज येत होता, आणि काकांचा पाय पेटीवर वाजत होता, टकटक टकटक. मग तो पाय थांबला.

"नाही," काका म्हणाले.

काकूनं पणती उचलली. खाली एक गुंज होती. अशोकची हरवलेली. लाल, काळ्या डोळ्याची.

"म्या तं ठेवला व्हता एक," ती म्हणाली.

असा आवाज मी त्यानंतर कोणाचा ऐकला नाही. मी एवढी माणसं पुरलेली-जाळलेली बघितली, आई-बाप गेले, नवरा गेला. पण ते वाक्य आठवलं की अजूनही हातातलं काम थांबतं.

"कुठं?" तिनं विचारलं.

"नागपूरच्या अलीकडं. गाडी पलटली. होळीच्या आधी."

"कोनं केलं त्याचं सारं?"

"म्या."

"एकट्यानं?"

"हो."

"मले काहून नाही नेलं?"

"तुह्यात तवा उठून बसाची ताकद नोती. डाक्टरनं सांगतलं व्हतं, जपा. म्हनलं, उठली की सांगू. तू उठली, अन् पह्यलं त्याचंच इचारलं. माह्यानं बोलनं झालं नाही. म्याच त्याले म्हनलं व्हतं उंबरठा चढू नको... तू इचारे, म्या नाही अजून म्हनो. मले वाटे, तू इचारतेस तोपर्यंत तो कुठंतरी हाये." एवढं बोलून तो फौजी माणूस वाळूवर कपाळ टेकवून रडायला लागला. देऊळ पडलं, बाभळी पडल्या. निळी वाळू त्यांच्या मिशीला लागली.

काकू रडली नाही. तेव्हा नाही. तिनं पणती हातात फिरवली, पदरानं आतली वाळू पुसली आणि उताणी केली. "वच्छे, वात आन. अन् तेलाची बुधली." मी आणली. ओतताना माझ्याकडून अर्धं तेल वाळूत सांडलं. तिनं काड्यापेटी उघडली, म्हणजे आमचं घर उघडलं, त्यात खरंच दोन काड्या होत्या. दिवा लावून तिनं तो उंबरठ्याच्या आत, खऱ्या घराच्या आत ठेवला. मग कोठ्यामागं जाऊन तो करा उचलून आणला आणि आजोबांच्या कऱ्याशेजारी मांडला. "चढला उंबरठा," ती काकांना म्हणाली. "आता तोडा तंगडं." आणि मग ती खाली बसली आणि तिनं हंबरडा फोडला. माय झाऱ्यासकट धावत आली. बाहेर भर दुपार होती, ऊन पांढरं पडलं होतं, आणि सारी गल्ली आपापल्या झोपेतून उठून आमच्या दारात गोळा झाली.

तो खेळ आम्ही पुन्हा खेळलो नाही. काकांनी वाळू नाल्यात नेऊन टाकली, दार पुन्हा कोठ्याला बसवलं. बाकीच्या पणत्या मायनं उताण्या करून, धुऊन, फळीवर ठेवल्या. काका-काकू पुढं बरीच वर्षं जगले, भांडले, एकमेकांच्या पायाला तेल लावत म्हातारे झाले. काकू त्यांना पुन्हा अजी म्हणायला लागली. अशोक सांगतो की त्यानंतर काकांनी तिला कधी साध्या गोष्टीतही खोटं सांगितलं नाही, अगदी भाजी खारट झाली तरी.

काका गेल्यावर मी काकूला भेटायला गेले होते. ती सपरीत सूप घेऊन तूर पाखडत होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण खडा बरोबर सापडायचा. माझ्या मनात तेवढी एक गोष्ट वर्षानुवर्षं राहिली होती. म्हटलं, "काकू, थे पणती सारी वाट तूच आनली का? नाल्याच्या पल्याडून अल्याड?"

तिनं सूप थांबवलं. "नाल्यापोतर म्या आनली, बाई. त्या काठावर आनून ठेवली अन् बसून राह्यली. नाला पंचाच्या हातानंच वलांडाचा व्हता ना? नियम म्हंजे नियम."

"म्हंजे काकानं आनली. त्यायले ठाऊक व्हतं, तू आनून राह्यली म्हनून."

"आनली असन त्यायनं." ती पुन्हा पाखडायला लागली. "नाही तं पोरगं सोताच आलं असन. पोहनारं व्हतं."

"तू इचारलं नाही त्यायले कधी?"

"पंच खोटं बोलत नाही, वच्छे," काकू म्हणाली. "इचारलं असतं तं सांगतलं असतं त्यायनं. राहू दे. एक तरी पणती पालथी राहू दे घरात."